दोन शिट्ट्यांचे जेवण

सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांची मोठी वसाहत आहे. गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांचा लोकार्पण सोहळा २००६ साली झाला, तर रे नगरातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या ताब्यात आली. येथील अनेक महिलांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे चुलीपुढे गेलेला प्रत्येक तास कमाईतून वजा होतो. घाईच्या संध्याकाळी मग चहा-बिस्किटे, वडापाव किंवा नूडल्सच्या पाकिटावर वेळ निभावून नेली जाते. पोट भरते, पण पोषण मिळत नाही.

या अडचणीवर प्रेशर कुकरमधला, दूध-चीज नसलेला पास्ता हा एक चांगला तोडगा आहे. मुलेही तो आवडीने खातात. उघड्या भांड्यात पाणी साधारण १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ लवकर शिजते आणि इंधन वाचते. देनी पापँ याने १६७९ मध्ये अशा भांड्याचा पहिला नमुना दाखवला, तो हाडे मऊ करण्यासाठी.

मात्र नुसता पास्ता म्हणजे मुख्यतः पिष्टच. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते भरपूर असते. म्हणून दोन वाट्या रव्याच्या पास्त्यात भिजवलेली एक वाटी मसूर डाळ हवीच. कुकरमध्ये चमचाभर तेलात लसूण, कांदा व दोन टोमॅटो परतावेत. डाळ, पास्ता, मीठ, तिखट आणि साडेचार-पाच वाट्या पाणी घालावे. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या द्याव्यात. वाफ आपोआप उतरली की चिरलेला पालक मिसळून दोन मिनिटे झाकून ठेवावे. वरून शेंगाची चटणी घातली की सोलापूरची चवही येते.

लिंबू शेवटी पिळावे. पालक-मसुरातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्वाने ते शोषण वाढते, पण हे जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नष्ट होते. जेवणाला लागून घेतलेला चहाही लोह अडवतो. तो तासाभराने घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यामुळे ही किरकोळ बाब नव्हे. अर्थात, ज्यांना रक्तक्षयाचे निदान झाले आहे, त्यांनी पालकाच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. दूधही न घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सावधगिरी दोन बाबतींत हवी. डाळ आणि पास्ता दोन्ही फेसाळतात. फेस वाफेच्या नळीत अडकला तर धोका असतो. म्हणून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, नळी आधी पाहून घ्यावी आणि वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. दुसरी बाब विड्या वळणाऱ्या हातांची: तंबाखूची भुकटी बोटांवर राहते, म्हणून स्वयंपाकाआधी हात साबणाने नीट धुवावेत.

ज्वारीची भाकरी सोडून रोज पास्ता खा, असे कोणी म्हणणार नाही. भाकरी थापायला कसब आणि वेळ लागतो. शिट्ट्या मोजायला फारसे कसब लागत नाही. त्यामुळे आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी हा कुकर घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी लावावा. दिवसभर पाने कापून, विड्या वळून थकलेल्या बाईला त्या दिवशी ताजे आणि पौष्टिक जेवण आयते मिळावे.