भिंतीवरची मूल्ये

शाळा उघडल्या, प्रवेशद्वाराजवळच्या भिंती नव्याने रंगल्या आणि त्यांवर सुविचारही झळकले. आपल्या शाळेने कोणती मूल्ये स्वीकारावीत हे ठरविण्यासाठी काही संस्थाचालक शिक्षक-पालकांच्या सभा बोलावीत असतात. उपक्रम स्तुत्य आहे, एवढे म्हणून पुढे जाणे सोपे होते; पण आम्हांस ते करवत नाही.

मूल्यांच्या याद्यांची या देशात कधीच वाण नव्हती. श्रीप्रकाश समितीने १९६० साली नैतिक शिक्षणाची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक दिले. १९९९ साली शंकरराव चव्हाण यांच्या संसदीय समितीने सत्य, सदाचार, शांती, प्रेम व अहिंसा ही पाच मूल्ये पुढे ठेवली. यांतले एकही त्याज्य नाही आणि नेमकी हीच अडचण आहे. ज्याला कोणाचाच विरोध नाही ते पत्करण्यास निवड कसे म्हणावे? निवड म्हटली की काही सोडणे आले, प्रसंगी तोटा सोसणेही आले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी समतेचा पाठ व्याख्यानांवर सोपविला नाही. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एका छपराखाली राहिली, आपल्या हातांनी स्वयंपाक करून एका पंक्तीस जेवली. त्या काळी ही गोष्ट किती जणांना खुपली असेल, हे सांगावयास नको! अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. श्रमप्रतिष्ठा हा शब्द फळ्यावर लिहिण्याची तेथे गरजच उरली नसेल.

मग आजच्या शाळेने काय निवडावे? आमचे म्हणणे असे की, एकच मूल्य घ्यावे, ते सत्य असावे, आणि त्याची कसोटी परीक्षेच्या दालनात लागावी. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. तरीही कॉपीमुक्तीची अभियाने पुन्हा पुन्हा काढावी लागतात. परिपाठात हरिश्चंद्राची गोष्ट सांगणारे गुरुजीच खिडकीतून आलेल्या चिठ्ठीकडे पाठ फिरवतात, तेव्हा मूल काय शिकते? त्याचे मूल्यशिक्षण त्या तीन तासांत पुरे होते. वर्षभराचा परिपाठ ते पुसून टाकू शकत नाही.

दोष एकट्या शिक्षकावर लोटणे मात्र अन्यायाचे होईल. आम्हीही काही वर्षे हाती खडू धरलेला आहे. निकालाचा आकडा मुख्याध्यापकाच्या मानेवर कसा बसतो, हे आम्ही जाणतो. निकाल उतरला की प्रवेश रोडावतात, वर्गतुकडी धोक्यात येते, संस्थाचालक जाब विचारतात. भिंतीवर चढून चिठ्ठ्या पोचविणारे तर बहुधा घरचेच लोक असतात.

म्हणून पहिली शपथ मुलांनी नव्हे, संस्थाचालकांनी घ्यावी. प्रामाणिक परीक्षेमुळे निकाल खाली आला, तर त्याबद्दल मुख्याध्यापकास वा शिक्षकास जबाबदार धरले जाणार नाही, असा लेखी ठराव करावा. प्रवेशाच्या वेळी तो पालकांना वाचून दाखवावा आणि ज्यांना तो मान्य नसेल त्यांना दुसरी शाळा पाहण्याची मोकळीक द्यावी. काही पालक जातील, हे गृहीतच धरावे. ही सभा मात्र याच महिन्यात व्हावयास हवी. फेब्रुवारीत, बैठकव्यवस्थेचे तक्ते लागल्यावर, ती भरवून उपयोग नाही.