मेकॉलेचे न झालेले भाषण

गेल्या वर्षी एका शाळेच्या पारितोषिक वितरण समारंभात मी मेकॉलेचे ते सुप्रसिद्ध वचन मोठ्या आवेशाने सांगितले. हिंदुस्थानभर हिंडलो, पण एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही. या राष्ट्राचा कणा मोडायचा तर त्याची प्राचीन शिक्षणपद्धतीच बदलली पाहिजे, अशा आशयाचे. स्थळ ब्रिटिश पार्लमेंट, दिनांक २ फेब्रुवारी १८३५. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी नववीतील एक मुलगी जवळ आली आणि अदबीने म्हणाली, "सर, मेकॉले तेव्हा कलकत्त्यात होता ना? मग लंडनमध्ये भाषण कसे केले?"

तीन दशके पत्रकारितेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

पार्लमेंटमधील जागा सोडून, गव्हर्नर जनरलच्या मंडळाचा कायदा सदस्य म्हणून मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख खरीच आहे. पण ती कलकत्त्यात लिहिलेल्या त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची. त्या टिपणात भिकारी नाही, चोर नाही आणि कणाही नाही. ज्याच्या अध्यक्षतेखाली १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा सिद्ध झाला, त्या गृहस्थाला या देशात चोरच दिसला नाही, हे वाक्य खरे तर ऐकताक्षणीच खटकायला हवे होते!

मग टिपणात आहे तरी काय? १८१३च्या सनदेने हिंदुस्थानातील विद्येसाठी वर्षाला किमान एक लाख रुपये राखून ठेवले होते. ते संस्कृत-अरबीवर खर्चावेत की इंग्रजीवर, हा वाद होता. आपल्याला संस्कृत वा अरबी येत नाही, अशी कबुली मेकॉले देतो आणि लगेच भारत व अरबस्तानातील सारे वाङ्मय युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीच्या तोलाचे नाही, असा निवाडाही देऊन टाकतो. रक्ताने व वर्णाने हिंदी, पण अभिरुचीने इंग्रज असा वर्ग घडविण्याचा मनसुबाही तेथेच नोंदलेला आहे. टिपण लिहिले होते ते बेंटिंक व त्याच्या सहकाऱ्यांसाठी. साहेब साहेबांशी बोलत होता, त्यामुळे तुच्छता लपविण्याची गरजच नव्हती. हेन्री थॉबी प्रिन्सेप या कंपनीच्याच अधिकाऱ्याने त्याचा खणखणीत प्रतिवाद केला. तरीही ७ मार्च १८३५ रोजी बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने ठराव केला.

खऱ्या टिपणातला मेकॉले आपली अवहेलना करतो. खोट्या वचनातला मेकॉले आपली स्तुती करतो. स्तुती कानाला गोड लागली म्हणून आपण ती तपासली नाही, हे कबूल केले पाहिजे. एक ज्येष्ठ स्नेही मला म्हणाले, "भावना तर खरी आहे ना? मग शब्दांचा कीस कशाला?" त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मला हे पटत नाही. वादसभेत प्रतिपक्ष नेमका तो खोटा धागा ओढतो आणि त्याच्याबरोबर खरे टिपणही हास्यास्पद ठरते. आपल्या पोरांना आपणच निःशस्त्र करून तेथे पाठवतो.

महाराष्ट्राला तर ही साधना नवी नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. साहेबाचा ग्रंथ म्हणजे वेदवाक्य, अशा त्या काळात, १८६०च्या दशकात, नीळकंठ जनार्दन कीर्तने या महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाने त्यातील चुका दाखवून दिल्या. दादाभाईंनी संपत्तीच्या लुटीचा आरोप सिद्ध केला तो सरकारच्याच आकड्यांनी. १८५७च्या समराचा ग्रंथ लिहिताना सावरकरांनी लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून इंग्रजांचेच कागद वाचले आणि त्यांतून इंग्रजांना नको असलेला अर्थ काढला. राजवाड्यांनी तर कागदांच्या शोधात गावेच्या गावे पालथी घातली व साधनांचे बावीस खंड दिले.

आणि आजचा वर्ग? २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनावर प्रकरण आहे, वसाहतवादी इतिहासलेखनाचा परिच्छेदही आहे. चांगली गोष्ट आहे. पण विद्यार्थी तो परिच्छेद पाठ करतो, टीप लिहितो आणि गुण घेऊन मोकळा होतो. वसाहतकाळातील एकही मूळ कागद त्याच्या हाती पडत नाही. याला खर्च लागत नाही. दोन पाने छापून मुलांपुढे ठेवावीत. हे कोणी लिहिले, कोठे बसून, कोणाला उद्देशून, कोणी विरोध केला, एवढे विचारून शिक्षकाने गप्प बसावे.

त्या शाळेत मी परत गेलो. माझी चूक त्याच व्यासपीठावरून सांगितली आणि टिपणाचा मराठी गोषवारा वर्गात वाटला. तासभर मुले भांडत होती. एकाचे म्हणणे, इंग्रजी नसते तर दादाभाईंनी ते आकडे कसे वाचले असते? दुसऱ्याने विचारले, मग एक फळीवाला तो निवाडा आपण विसरायचा काय? बाईंनी मध्ये पडायचे टाळले, हे मला फार आवडले.

सध्या प्रिन्सेपचे टिपण मराठीत करायला घेतले आहे. त्या नववीतल्या, आता दहावीत गेलेल्या मुलीने ते मागितले आहे.