रोल्सरॉइस आणि चेतक एकाच पंगतीला

जेथे रोज नव्या गाड्या जन्म घेतात, तेथे जुन्या गाडीचा कैवार घेणे काहींना विचित्र वाटेल. आम्ही महाळुंगेकर तर कारखान्यांच्या कुंपणालाच लागून राहतो. बजाजच्या चाकण कारखान्याच्या पत्त्यातही आमच्याच गावाचे नाव आहे. तरीही जुन्या वाहनांवर बसविलेल्या नोंदणी-शुल्काविषयी दोन शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे टिकते. पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. दुचाकीसाठी हे शुल्क पूर्वी ३०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते १,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपुढील दुचाकीसाठी ते २,००० केले. राज्याचा पर्यावरण कर याहून निराळा.

दुसरीकडे, जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘विंटेज’ हा मान दिला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि १० वर्षांनी नूतनीकरणास ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, हीही अट आहे.

आता गंमत पाहा. हा नियम दुचाकी आणि चारचाकी दोहोंना लागू आहे, आणि शुल्क दोहोंना सारखेच! संस्थानिकाच्या वाड्यातील रोल्सरॉइस आणि कामगाराच्या दारातील चेतक एकाच पंगतीला बसविली, हे उत्तमच झाले. पण पंगतीची वर्गणीही दोघांकडून तेवढीच घ्यावयाची, ही समता की समतेचा विपर्यास?

चेतक बाजारात आली १९७२ साली. म्हणजे पहिल्या चेतकांची पन्नाशी २०२२ मध्येच उलटली. एका स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. पुढे उभे केलेले पोर, मागे बसलेली गृहिणी, असा अख्खा संसार तिने वाहिला. संस्थानिकांच्या मोटारी विलायतेहून आल्या. चेतकचा मूळ आराखडा इटलीच्या व्हेस्पाचा असला, तरी ती घडविली आकुर्डीच्या कामगारांनी. मग यातला कोणता वारसा आपल्याला अधिक जवळचा?

आणि हा मान मिळेपर्यंत या स्कूटरने जगावे कसे? आजच्या दराने हिशेब केला, तर १५ पासून ५० वर्षांपर्यंत सात वेळा नूतनीकरण करावे लागेल आणि १३,००० रुपये भरावे लागतील. श्रीमंताचा छंद त्यातून सहज तरेल. गरिबाची आठवण मात्र भंगारवाल्याच्या तराजूत जाईल.

धुराचा मुद्दा खोटा आहे असे मी म्हणत नाही. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर पेट्रोलबरोबर तेलही जाळते आणि त्या धुराने शेजाऱ्याची छाती भरते. पण धूर कमी होतो तो तपासणीने, पावती फाडल्याने नव्हे. नूतनीकरणाच्या वेळी तपासणी होते. तीच अधिक कडक करा आणि जी गाडी नापास होईल ती खुशाल रस्त्यावरून काढा. पैसे भरले की धूर माफ, असा अर्थ मात्र होऊ देऊ नका.

माझे मागणे एवढेच, की विंटेज शुल्क वाहनाचा प्रकार पाहून ठरवावे आणि दुचाकीला ते अगदी अल्प असावे. तसेच पन्नाशीच्या आतली जी गाडी केवळ जपण्यासाठी ठेवली आहे, तिला मर्यादित वापराच्या अटीवर नूतनीकरणात सवलत मिळावी.

जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या विजेच्या स्कूटरलाही कंपनीने ‘चेतक’ हेच नाव दिले. त्या नावाची किंमत उद्योगाने ओळखली. ज्या वस्तूने ते नाव मिळविले, तिची किंमत सरकारने केवळ शुल्काच्या आकड्यात मोजू नये.