फुकटची इंटर्नशिप: नवा दरवाजा, जुनंच कुलूप

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. प्रवेश मिळाला, पण बसायला वेगळं गोणपाट. आज कॉलेजात गोणपाट नाही. अडवणूक पुढे सरकली आहे, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत.

स्नायूंच्या ऊतींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत गोठवलेल्या ऊतीचे मायक्रॉनमध्ये मोजायचे काप घ्यावे लागतात, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ही हातोटी पुस्तकातून येत नाही. पीएच.डी.च्या मुलाखतीत याच अनुभवाला वजन असतं. पण बिनपगारी इंटर्नशिपसाठी सांगलीहून पुण्याला दोन महिने राहायचं, तर खोलीभाडं आणि मेस कोण भरणार? शेतमजूर आईबाप?

मेलेली गुरं ओढणं, सोलणं ज्यांच्यावर लादलं, त्यांनाच त्यापायी अस्पृश्य ठरवलं. तोच स्नायू काचपट्टीवर आला की विज्ञान होतो, प्रतिष्ठा देतो. त्या प्रतिष्ठेत आमच्या मुलामुलींचा वाटा कुठे आहे?

"पैसे नाहीत, अनुभव मिळेल," हे उत्तर चालणार नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमी उन्हाळी फेलोशिपला विद्यावेतन देतात. म्हणजे देता येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' रुजवलं. इथे मात्र 'राबा आणि स्वतःच भरा' चाललं आहे.

सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेनं जागा जाहीर कराव्यात, ओळखीवर निवड थांबवावी, विद्यावेतन द्यावं. समाजकल्याणच्या वसतिगृहांनी या मुलांना दोन महिने जागा द्यावी. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.