इन्सुलिनवरचा खोटा आळ

पंगतीत भाचीने पानावरचा भात नजरेने मोजला, पेनाची चकती फिरवून आकडा लावला आणि कुर्ता जरासा वर करून पोटाला सुई टोचली. वय १७, टाइप १ मधुमेह आठव्या वर्षापासून. शेजारच्या पानावरून लगेच आलं, "इन्सुलिन टोचून टोचून किडन्या जातील गं पोरीच्या!" बोलणाऱ्या मावशींचे यजमान इन्सुलिन सुरू झाल्यावर दोनच वर्षांत डायलिसिसवर गेले होते. त्यांचं दुःख खरं; त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक.

यजमानांचा मधुमेह टाइप २. वीस वर्षं गोळ्यांवर साखर चढीच राहिली, किडन्या आतून झिजत गेल्या आणि इन्सुलिन आलं ते अगदी शेवटी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच. भाचीच्या स्वादुपिंडात तर इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तिने ते थांबवलं तर किडन्या बिघडायला वेळच मिळायचा नाही. काही दिवसांतच रक्तात आम्ल साचून जिवावर बेतेल.

अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ असलेल्या १३ ते ३९ वयाच्या १,४४१ जणांवर डीसीसीटी हा अभ्यास झाला. एका गटाला दिवसाला एक-दोन इंजेक्शनं, दुसऱ्याला तीन किंवा अधिक, नाहीतर पंप. आळ खरा असता तर जास्त टोचणाऱ्यांच्या किडन्या आधी जायला हव्या होत्या. झालं उलटंच. लघवीतून थोडं अल्ब्युमिन (बिघडू लागलेल्या किडनीतून गळणारं प्रथिन) जाऊ लागण्याचा धोका त्यांच्यात ३९ टक्क्यांनी कमी निघाला, जास्त जाण्याचा ५४ टक्क्यांनी. साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले, हेही सांगायलाच हवं. दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर आज त्यासाठीच कामाला येतो.

"अमक्याचा काढा घेतला आणि डोस निम्म्यावर आला!" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. इन्सुलिनचा निचरा करण्यात किडन्यांचा मोठा वाटा असतो. त्या थकल्या की टोचलेलं इन्सुलिन अंगात रेंगाळतं आणि डोस कमी लागतो. घरात पेढे वाटले जातात, आणि आत भलतंच चाललेलं असू शकतं.

शिकलेल्यांची समजूत वेगळी: "क्रिएटिनीन नॉर्मल आहे ना!" ते वाढेपर्यंत किडन्यांची निम्मी ताकद गेलेली असू शकते. आधी बोलते ती लघवी. मधुमेहाला पाच वर्षं झाली आणि मूल दहा वर्षांचं झालं किंवा वयात येऊ लागलं, की सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर दरवर्षी तपासावं. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली ठीक. वर गेलं तरी लगेच हाय खायला नको. ताप, दमवणारा खेळ, पाळी यांनीही ते चढतं. तपासणी पुन्हा करायची. आकडा चढाच राहिला तर किडनी जपणाऱ्या गोळ्या आहेत. मात्र त्या गरोदरपणी चालत नाहीत, हे मुलीला आधीच सांगायला हवं.

यातलं काहीच मी मावशींना पंगतीत सांगितलं नाही. भाचीने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "मावशी, जिलबी येतेय, म्हणून दोन युनिट जास्तच घेतलीत."