खटका आणि ठिणगी
गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात मिक्सरच्या शेजारी तितक्याच तोऱ्यात मांडलेला केळं कापायचा साचा बघितला की हसू येतं. अहो, केळ्याला सुरीसुद्धा लागत नाही! दोरी ओढायच्या चॉपरला मात्र मी सरसकट नावं ठेवणार नाही. एका कांद्यासाठी तो काढणं म्हणजे नुसता पसारा, त्यापेक्षा विळी बरी. पण पावभाजीसाठी किलोभर कांदा चिरायचा असेल तेव्हा त्याची किंमत कळते. (झाकण तेवढं पाण्यात बुडवू नका, आतली दोरी ओली राहते.) खरी कमाल आहे ती गॅसच्या लायटरची. त्यात ना सेल, ना इंधन. खटका दाबला की स्प्रिंगवरची बारीकशी हातोडी सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते, त्या दणक्याने हजारो व्होल्टचा विद्युतदाब तयार होतो आणि टोकाशी ठिणगी उडते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलं. आपण त्यावर रोज चहाचं आधण ठेवतो. पावसाळ्यात काडेपेटी सादळते, हा मात्र खट्ट करून पेटवून मोकळा. नव्या संसाराला काही द्यायचंच असेल, तर साचेबिचे राहू द्या, एक चांगला लायटर द्या.