पावती फाडा, पण पैसा कुठे जातो ते सांगा

जळगाव जिल्ह्यात वरणगावजवळ महामार्गावर पोलिसांची गाडी उभी दिसली की दुचाकीवाले लांबूनच गाडी वळवतात आणि बिनदिक्कत उलट्या बाजूने निघतात. समोरून दीपनगर वीज केंद्राच्या राखेचा बल्कर येत असतो, मागून केळीचा ट्रक. पाचशे-हजाराची पावती चुकवायला माणूस जीव पणाला लावतो. त्याला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पावती म्हणजे वसुली, ही त्याची समजूत कुठून आली, हेही विचारले पाहिजे. रस्ता सुरक्षेवर पैसा खर्च करा म्हटले की जे आक्षेप येतात, त्यांचे मूळ याच समजुतीत आहे.

पहिला आक्षेप असा : वाहतूक शाखेला, महामार्ग पोलिसांना आणि आरटीओच्या वायुवेग पथकाला आणखी गाड्या, आणखी यंत्रे दिली तर वसुलीच वाढेल. दुखणे खरे, औषध चुकीचे. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले पंधरा-सोळा मजूर गेले. धुळे जिल्ह्यातून रावेरकडे निघालेला तो ट्रक होता. मालाच्या ढिगावर माणसे बसलेली, रात्रीची वेळ, एवढा लांबचा पल्ला. वाटेत एका पथकाने जरी तो थांबवून माणसे उतरवली असती, तर त्याला कुणी वसुली म्हटले नसते. दुसऱ्या दिवशी मात्र वारसांसाठी लाखांची मदत जाहीर झाली. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. तो माणसे मेल्यावर निघाला. रात्रीच्या गस्तीला डिझेल नाही आणि मदतनिधीला तोटा नाही, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : आधी रस्ते नीट करा, मग दंड मागा. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. ज्यांनी त्या रस्त्यावर आपली माणसे गमावली, त्यांच्यापुढे हेल्मेटचे प्रवचन झोडायला तोंड हवे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यात मानके न पाळल्याने कुणी मेले वा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. ती पावती कुणी फाडलेली पाहिली आहे?

तरीही ‘आधी’ हा शब्द मला मान्य नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जीव गेले होते. 2019 मध्ये, म्हणजे करोनाने रस्ते ओस पाडण्यापूर्वी, हा आकडा 92 वर आला. तिथे एका वेळी दोन्ही बाजूंनी काम झाले. अपघात कुठे, कसा झाला याची जागेवर तपासणी करून कठडे आणि उघडे काँक्रीट दुरुस्त केले, आणि त्याच वेळी वेगावर, लेनवर व कडेला उभ्या ट्रकवर पोलिसांनी लक्ष ठेवले. त्या रस्त्यावरून मंत्र्यांच्या गाड्या जातात, शिवाय कंपन्यांचा निधीही मिळाला, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. रस्ता मंत्र्यांचा नसला तरी काम तेच करावे लागते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप असा : दंड नको, चौकात गुलाबाचे फूल देऊन प्रबोधन करा. या प्रबोधनवाल्यांना एवढेच विचारतो : जुलै 2023 मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसून किमान दहा माणसे गेली, त्या कंटेनरला कोणत्या चौकात गुलाबाचे फूल द्यायचे होते?

मग पैसा कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने 30 नोव्हेंबर 2017 च्या आदेशात राज्यांनी रस्ता सुरक्षा निधी उभारावा आणि प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी, असे बजावले आहे. केरळने तर 2007 सालीच कायदा करून दंडाच्या रकमेतला अर्धा वाटा अशा निधीकडे वळवला. दंडातला ठरलेला वाटा ज्या तालुक्यात गोळा झाला त्याच तालुक्यात परत यावा आणि त्यातून काय केले याचा फलक तहसील कचेरीबाहेर लागावा, अशी माझी मागणी आहे. वरणगावच्या माणसाने भरलेल्या दंडातून शेजारच्या फुलगावच्या वळणावर दिवा लागलेला त्याला दिसला, तर पुढची पावती त्याला इतकी झोंबणार नाही. आज ई-चलनाची थकबाकी राज्यभर हजारो कोटींत आहे आणि लोक सवलतीसाठी लोकअदालतीची वाट पाहत बसतात.

पण एक सावधगिरी हवी, आणि इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडतो. दंडाच्या पैशातून पथकाचाच खर्च भागवा, असे काही जण सुचवतात. ब्रिटनमध्ये 2000 पासून वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा खर्च दंडातून भागवला जात होता. अपघात घटले, पण कॅमेरे पैसे कमावण्यासाठीच आहेत असा लोकांचा ग्रह झाला. शेवटी 2007 मध्ये ती पद्धत बंद करून स्थानिक यंत्रणांना वेगळे अनुदान देण्यात आले. तोटा उघड आहे : लोक शिस्तीने वागू लागले की दंड घटणार आणि पथक उपाशी मरणार. मग पथकाला बेशिस्तच हवीशी वाटेल. म्हणून पोलिसांचे पगार, गस्तीचे डिझेल आणि वेग मोजणारी यंत्रे नेहमीच्या अर्थसंकल्पातून, आणि दंडाचा पैसा फक्त दिवे, दुभाजक, गतिरोधकावरचे पट्टे व रुग्णवाहिका यांसाठी. पथकाचे मोजमाप किती पावत्या फाडल्या यावर नको. त्याच्या हद्दीत यंदा किती मृत्यू कमी झाले, यावर हवे.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हे मांडायला मोठा अभ्यास लागत नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावायची, तीही फुकट, एवढा एकच ठराव आधी करा. अंधारात उभी बिनदिव्याची ट्रॉली किती जवळ आल्यावर दिसते, ते या रस्त्यावरच्या कुठल्याही ट्रकचालकाला विचारा.